प्रभाग दोनमध्ये मतदान नाही

4 जानेवारी 2021, ग्रामपंचायतीच्या अर्ज माघारीचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. मी तेव्हा पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो आणि निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून माझ्याकडे चार गावं दिलेली. राज्यात 14 हजारांच्या वर ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम लागलेली, त्यात कोरोना, म्हणजे आत टेबलावर सॅनिटायझरची बाटली आणि बाहेर आवारात माणसाला माणूस चिकटून उभा.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीय, माघारीचा दिवस मतदानापेक्षा अवघड असतो. सकाळपासून जीपा येत असतात, एकेका उमेदवाराला मधे बसवून आणतात, सही घेतात, घेऊन जातात. त्या वर्षी तर सरपंचपदाची आरक्षण सोडत निवडणुकीनंतर होणार होती त्यामुळे सरपंच कोण होणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि प्रत्येक पॅनलला वाटत होतं की आपली सगळीच्या सगळी माणसं आत पाहिजेत. काही आमदारांनी बिनविरोध करणाऱ्या गावांना विकासनिधी जाहीर केला होता, त्याचाही जोर होताच.

माझ्या चारपैकी एका गावात 9 जागा, 3 प्रभाग. प्रभाग एक आणि तीनमध्ये सरळ लढत. दोनमध्ये तीन जागांपैकी दोन आधीच बिनविरोध झालेल्या, आणि सर्वसाधारण स्त्रीच्या जागेवर दोन अर्ज राहिलेले. त्यातला एक पॅनलचा आणि दुसरा एका ताईंचा, बचत गटाचं काम बघणाऱ्या. त्या मला चांगल्या लक्षात होत्या कारण 30 डिसेंबरला शेवटच्या दिवशी सर्व्हर चालेना म्हणून आयोगाने कागदी अर्ज घ्यायला परवानगी दिली, तेव्हा त्या संध्याकाळपर्यंत रांगेत थांबून अर्ज देऊन गेल्या होत्या. एकट्या आल्या होत्या. सगळी कागदपत्रं नीट, एक पान मागेपुढे नाही.

माघारीला मात्र एकट्या नव्हत्या. अडीचच्या सुमारास आल्या, सोबत दीर आणि गावातले तिघे कारभारी. दीरच म्हणाले, साहेब वहिनींना माघार घ्यायचीय. मी म्हणलं त्यांना बोलू द्या. तर ताई मला म्हणाल्या, "साहेब, तीनच्या आत सही नाही केली तर काय होतं?"

मी सांगितलं, काही होत नाही, चिन्ह मिळतं आणि 15 तारखेला मतदान होतं.

पेन हातात धरून त्या जरा वेळ तशाच बसल्या. मग मागून आवाज आला, "वहिनी, देवळात ठरलंय ना आपलं." त्यांनी सही केली. मी नियमाप्रमाणे विचारलं, स्वखुशीने घेताय ना? हो म्हणाल्या. डिपॉझिट परत मिळतं का विचारलं आणि गेल्या. कुणी धमकी दिली नव्हती, निदान माझ्यासमोर तरी नाही, तक्रार नाही, कागद पूर्ण. मी काय करणार होतो? तीन वाजून गेले, यादी फलकावर लागली आणि बाहेर गुलाल उडाला.

15 तारखेला मी बूथ बघत फिरत होतो. त्या गावातलं मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं, एका खोलीत प्रभाग एक, दुसऱ्या खोलीत तीन. दारात एक मुलगी मतदान अधिकाऱ्याशी बोलत होती, हातात नवं कोरं मतदार ओळखपत्र, पहिलंच मतदान. तिचं नाव यादीत होतं पण प्रभाग दोनच्या. अधिकारी तिला सांगत होता की तुमच्या प्रभागात मतदान नाही, बिनविरोध झालंय. तिला वाटलं नाव गाळलंय. मग मी समजावून सांगितलं की नाव आहे, पण जागेएवढेच उमेदवार राहिले की मतदान घेत नाहीत, ते निवडून आले असं जाहीर करतात.

ती म्हणाली, "पण सर, आम्हाला कुणी विचारलंच नाही."

तिच्यानंतर दोन म्हातारी माणसं आली तीही दोनचीच. त्यांनाही तेच सांगितलं, ते काही न बोलता परत गेले.

मला बिनविरोधचा राग नाही हे स्पष्ट सांगतो. माझ्याच चार गावांत एक गाव पूर्ण बिनविरोध झालं आणि ते मनापासून झालं होतं, वस्त्यावस्त्यांना जागा वाटून दिल्या, पोरापोरींना पुढे केलं. निवडणुकीनं भावकीत पडलेली फूट पोलीस स्टेशनपर्यंत गेलेली मी पाहिलीय, त्यामुळे गाव एकत्र बसत असेल तर चांगलंच आहे. पण त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं आणि मतदानाला दोन दिवस राहिले असताना राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली. म्हणजे कागदावर तेही गावाचं एकमतच होतं. एकमत, दडपण आणि बोली यातलं काय झालं हे माझ्या टेबलावरून दिसत नाही हो, तिन्हीचा माघारीचा फॉर्म एकच असतो.

आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की बिनविरोध ठरतं चारचौघांत, देवळात, जिथे दीर, सासरे, सोसायटीचा चेअरमन, पाणी सोडणारा सगळे समोर बसलेले असतात. तिथे नाही म्हणायला छाती लागते. मतदान पडद्याआड होतं ते त्याचसाठी ना. सुप्रीम कोर्टाने 27 सप्टेंबर 2013 ला मशीनवर 'नोटा', म्हणजे 'यापैकी कुणीही नाही' हे बटण द्यायला सांगितलं त्यातही मुद्दा हाच होता, की कुणीच नको हे सुद्धा माणसाला गुप्तपणे सांगता आलं पाहिजे. आपल्या राज्याच्या आयोगाने तर नोव्हेंबर 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी आणखी पुढचं पाऊल टाकलं, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. मग दोन उमेदवार असताना जो नोटा उमेदवाराला हरवू शकतो तो एकच उमेदवार उरला की गायब का होतो? खरी गरज तर तिथेच आहे. एप्रिल 2024 मध्ये सुरतला लोकसभेची अख्खी जागा बिनविरोध गेली, तिथल्या मतदारांना नोटाचं बटणसुद्धा मिळालं नाही, तेव्हा मला ती शाळेच्या दारातली मुलगीच आठवली.

माझं म्हणणं इतकंच की एक उमेदवार असला तरी मशीन लावा, एक त्याचं बटण आणि एक नोटाचं. खर्चाचं म्हणाल तर त्या गावात शाळा उघडी होती, पोलीस होते, मशीन होत्या, कर्मचारी सकाळपासून बसलेले होते. आणखी एका खोलीचा प्रश्न होता. अख्खं गाव बिनविरोध असेल तिथे खर्च वाढेल हे मान्य, पण ज्या गावाचं खरंच जमलंय तिथे नोटाला मतं पडणारच नाहीत, आणि निवडून आलेल्यालाही किती लोकांनी हो म्हणलं हा आकडा मिळेल.

हे बदलणं माझ्या हातात नाही. तेव्हापासून मी एकच करतो. माघारीला कुणी आलं की सोबतच्या सगळ्यांना बाहेर काढतो, दार लोटून घेतो, महिला उमेदवार असेल तर ऑफिसातल्या एका मॅडमना शेजारी बसवतो, आणि फॉर्म मोठ्याने वाचून दाखवतो, तीन वाजेपर्यंत सही न करता उठून जाता येतं हे सुद्धा सांगतो. बाहेरचे दार वाजवतात, वाजवू दे.