तुम्ही विचारलंत म्हणून : रक्तावरून दम्याचा प्रकार कळतो का?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो : "दमा आहे हे ठाऊक आहे, पण तो कोणत्या प्रकारचा हे सांगणारी रक्ताची एखादी तपासणी नाही का?"

आहे, आणि बहुधा तुमची ती झालेलीही आहे. जुन्या फायलीतला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीचा, कुठलाही रिपोर्ट काढा. पांढऱ्या पेशींच्या वर्गवारीत इओसिनोफिल नावाची एक ओळ असते, तीच ही तपासणी. मात्र दमा आहे की नाही, हे रक्तावरून ठरत नाही. ते लक्षणांवरून आणि फुंकर मारून करायच्या स्पायरोमेट्रीवरून ठरतं. रक्त कामाला येतं ते त्यानंतर.

रिपोर्टवर टक्केवारी ठळक छापलेली असते आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. पाहायची असते ती प्रत्यक्ष संख्या. एकूण पांढऱ्या पेशी ८,४०० आणि इओसिनोफिल ५ टक्के असतील, तर एका मायक्रोलीटर रक्तात ४२० इओसिनोफिल झाले. दुसऱ्या कुणाच्या एकूण पेशी ४,२०० असतील, तर त्याच ५ टक्क्यांचे २१० होतात. टक्केवारी सारखी, अर्थ वेगळा. काही लॅब ०.४२ असा आकडा देतात आणि पुढे 'गुणिले दहाचा नववा घात, प्रति लीटर' असं एकक लिहितात. ते ४२०च असतात.

तीव्र दम्यात १५० आणि ३०० हे दोन टप्पे पुन्हा पुन्हा वापरले जातात. भरपूर मात्रेचा स्टिरॉइड पंप नियमित आणि नीट घेऊनही दमा आटोक्यात नसेल आणि संख्या १५० किंवा जास्त असेल, तर 'टाइप २' दाह धरून पुढचा विचार होतो. या प्रकारात इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ हे निरोप्ये जोरात असतात. त्यांतला इंटरल्यूकिन ५ अस्थिमज्जेत इओसिनोफिल वाढवतो आणि जगवतो.

हे वर्गीकरण नुसतं कागदी नाही. मेपोलिझुमॅब हे इंटरल्यूकिन ५ अडवणारं इंजेक्शन सरसकट दमेकऱ्यांना देऊन पाहिलं, तेव्हा २००७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निराशाजनक होते. २००९ साली तेच औषध बेडक्यात इओसिनोफिल सापडणाऱ्या, वारंवार अटॅक येणाऱ्या रुग्णांना निवडून दिलं आणि अटॅक स्पष्टपणे कमी झाले. औषध तेच होतं, चुकली होती ती रुग्णांची निवड. बेडका तपासणं हाच खरं तर थेट मार्ग. पण खारट वाफ देऊन तो काढावा लागतो, थोड्या वेळात प्रक्रिया करून सरावलेल्या नजरेने मोजावा लागतो, आणि काहींना तो येतच नाही. म्हणून रक्त त्याच्या जागी आलं. ते बेडक्याची हुबेहूब नक्कल नाही, हे विसरून चालत नाही.

आता घोटाळे कुठे होतात ते. सर्वांत मोठा घोटाळा प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनचा. एका डोसनंतर काही तासांत इओसिनोफिल रक्तातून ओसरतात. अटॅकसाठी इमर्जन्सीत जाऊन, इंजेक्शन घेतल्यानंतर काढलेल्या रक्तात ते २० दिसले, तर त्यावरून 'इओसिनोफिलचा दमा नाही' म्हणणं चूक आहे. शिवाय स्टिरॉइडमुळे न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात, म्हणजे रिपोर्ट नेमका उलट्या, इओसिनोफिल कमी असणाऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतो! गोळ्यांचा कोर्स संपल्यावर किमान एक-दोन आठवडे थांबून रक्त द्यावं. रोजच गोळी चालू असेल, तर शक्य तितक्या कमी मात्रेवर असताना द्यावं. तपासणीसाठी गोळी स्वतःहून बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. अशा वेळी गोळ्या सुरू होण्याआधीचा जुना रिपोर्टच सर्वांत मोलाचा ठरतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ही संख्या रात्री चढते आणि दिवसा उतरते, शरीरातल्या कॉर्टिसॉलच्या बरोबर उलट. आजची १३० परवा २६० निघू शकते. म्हणून एका कमी आकड्यावर फुली मारू नये. तीन वेळा तपासावं, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी.

वाढलेली संख्याही नेहमी दम्याचीच नसते. जंत, एक्झिमा, काही औषधं हीसुद्धा कारणं असतात. १,५०० च्या वर गेली तर दम्याचा प्रकार ठरवणं बाजूला ठेवून आधी रक्तवाहिन्यांचा दाह, जंतांचा संसर्ग आणि रक्ताचे आजार शोधावे लागतात.

एकूण आयजीईकडून, म्हणजे अ‍ॅलर्जीशी जोडलेल्या प्रतिपिंडाच्या रक्तातल्या पातळीकडून, लोक फार अपेक्षा ठेवतात. ती एकटी प्रकार सांगत नाही. ती लागते ओमॅलिझुमॅब या आयजीई अडवणाऱ्या इंजेक्शनची मात्रा ठरवायला, वजनाच्या जोडीने. हे औषध सुरू झालं की ती घटण्याऐवजी वाढलेली दिसते, कारण औषधाला चिकटलेली आयजीई शरीरातून सावकाश जाते. त्या आकड्याने घाबरू नये आणि त्यावरून मात्राही बदलू नये. आयजीई ५०० च्या वर असेल तर अ‍ॅस्परजिलस बुरशीची विशिष्ट आयजीई जरूर करावी, कारण बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा एबीपीए हा आजार दम्याआड लपतो आणि फुप्फुसं खराब करतो. विशिष्ट आयजीई ०.३५ च्या वर असली, तर शरीराने तो पदार्थ ओळखला आहे एवढंच कळतं. त्याने त्रास होतो का, हे तुमच्या लक्षणांनाच विचारायचं.

पेरिऑस्टिन या रक्तात मोजता येणाऱ्या प्रथिनाबद्दलही विचारणा होते. सुरुवातीला त्यावर मोठी आशा होती, पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत औषधाचा गुण कुणाला येईल हे ते भरवशाने सांगू शकलं नाही. वाढत्या वयात हाडांमधूनही ते रक्तात येतं, त्यामुळे मुलांत तर आकडा वाचणंच कठीण. आज त्यासाठी रक्त द्यायची गरज नाही.

इओसिनोफिल खरोखरच कमी असणाऱ्या दम्यासाठी मात्र भरवशाची रक्तचाचणी अजून नाही. तो प्रकार वगळत वगळत ठरतो : पुन्हा पुन्हा कमी संख्या, टाइप २ दाहात वाढणारा श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वायूही कमी, अ‍ॅलर्जीचा धागा नाही. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी सर्वसाधारण रक्तचाचणी) किंवा न्यूट्रोफिल पाहून तो 'सिद्ध' केलेला दिसला, तर मी तरी तो निष्कर्ष मान्य करणार नाही.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना सापडतील तितके जुने सीबीसी तारखेनुसार लावून न्या. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा : त्या दिवशी, किंवा आधीच्या दोन आठवड्यांत, स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलं होतं का, किती मिलिग्रॅम, आणि रक्त किती वाजता काढलं.