ला बोका: रंगीत पत्र्यांची वस्ती पाहायला जाताना

ब्युनॉस आयर्समधल्या ला बोकाचे फोटो पाहून वाटतं, अख्खी वस्तीच रंगवलेली असेल. प्रत्यक्षात तो रंग कामिनितो नावाची गल्ली आणि आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्यांपुरता. त्यापुढे हातातोंडाची गाठ घालणाऱ्यांची साधी वस्ती सुरू होते. तिथे गळ्यात कॅमेरा अडकवून उगाच भटकू नये.

घरं मात्र निवांत बघा. बंदरावर कामाला आलेल्या जेनोवाकडच्या इटालियन लोकांनी लाकडी सांगाड्यावर पन्हळी पत्रे ठोकून ती उभारली. एका खोलीत एक कुटुंब, मधे सामाईक अंगण, संडास सगळ्यांत मिळून, थोडक्यात, चाळच. जहाजं रंगवून उरलेला रंग पत्र्यांना लागायचा, म्हणून ही रंगांची सरमिसळ, असं सांगतात. कामिनितोवरचे आजचे रंग मात्र मुद्दाम दिलेले आहेत. रेल्वेमार्ग बंद पडून ओसाड झालेली ही वाकडी गल्ली चित्रकार बेनितो किन्केला मार्तिन यांनी १९५०च्या दशकात नटवली आणि १९५९मध्ये तिचं खुलं संग्रहालय झालं. काही फुटपाथ रस्त्यापासून इतके उंच आहेत की पायऱ्या चढून जावं लागतं. आग्नेयेचा वारा जोरात सुटला की ला प्लाताच्या खाडीचं पाणी वस्तीलगतच्या रियाचुएलो नदीत मागे रेटलं जायचं आणि गल्ल्या बुडायच्या, त्यावरचा हा उपाय. ती नदी आजही घाण आहे. चामड्याचे कारखाने आणि खाटिकखान्यांचं सांडपाणी तिने वर्षानुवर्षं पोटात घेतलंय.

भुयारी रेल्वे इथवर येत नाही. शहराच्या मध्यवर्ती प्लाझा दे मायो चौकाच्या परिसरातून २९ किंवा ६४ नंबरची बस पकडा. ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही, त्यामुळे सुबे कार्डात, म्हणजे प्रवासभाड्याच्या प्रीपेड कार्डात, पैसे आधीच भरून ठेवा. शेजारच्या सॅन तेल्मो वस्तीतून चालत जाता येईल असं नकाशावर दिसतं, पण तो मोह टाळा.

सकाळी अकराच्या सुमारास पोहोचा. तीन तास पुरतात. सोमवार नको, किन्केलाचं संग्रहालय आणि प्रोआ कलादालन दोन्ही बंद असतात. टँगोच्या वेशातली जोडी ‘या, फोटो काढू’ म्हणत टोपी तुमच्या डोक्यावर ठेवते. ती पैसे मागणारच, आकडा आधी ठरवा. अंगणात वाळत घातलेले कपडे, दारात बसलेली म्हातारी माणसं यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, लोक तिथे राहतात. अंगावर सॉस उडाला आणि कुणी पुसायला धावलं, तर आधी खिसा धरा.

बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबचं बोम्बोनेरा स्टेडियम इथून चालत काही मिनिटांवर आहे. तिथे दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीतूनच जा. सामन्याच्या दिवशी आजूबाजूचे रस्ते बंद होतात, बस वळवतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून घ्या. सामन्याची तिकिटं मुळात क्लबच्या सभासदांसाठी असतात. रस्त्यात कुणी तिकीट पुढे केलं तर ते बहुधा बनावटच.