एक मुक्काम, दोन दिवसांची हाईक: पुढच्या पथकासाठी वाटेची नोंद

स्काउटिंगच्या सुरुवातीच्या काळात पहिल्या श्रेणीच्या चाचणीत एक अट असायची: सात मैल लांब जायचं, परत यायचं आणि त्या प्रवासाचा छोटा अहवाल लिहून द्यायचा. आजची पथकं चालतात भरपूर, पण लिहिण्याचा भाग बहुतेक ठिकाणी गळून गेलाय. त्यामुळे त्याच चुका दर वर्षी नव्याने होतात. ही नोंद 12 ते 15 वयाच्या मुलामुलींच्या तीन संघांची. प्रत्येक संघात सात जण, सोबत चार मोठी माणसं. जाताना 11 किलोमीटर अंतर आणि एकूण 480 मीटर चढ. आधी कच्चा रस्ता, मग ओढा, दाट झाडी, शेवटी उघडी धार आणि धारेपलीकडे मुक्कामाची सपाटी. परतीची वाट वेगळी, बहुतेक उतरणीची.

वेळेचा हिशोब स्कॉटिश गिर्यारोहक नाईस्मिथच्या जुन्या नियमाने केला होता. तो 1892 सालचा आहे: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. या वाटेला तो बरोबर तीन तास देतो. पण हा आकडा सराईत, तब्येतीने चालणाऱ्या मोठ्या माणसाचा. सॅक पाठीवर असलेल्या मुलांसाठी त्याची दीडपट करा, वर तासाला दहा मिनिटं विश्रांती धरा. म्हणजे सव्वापाच तास. पहिला संघ त्याच सुमारास पोचला, तिसरा तासभर उशिरा. अंधार पडण्याआधी किमान तीन तास सगळे मुक्कामी असतील अशा बेताने निघा, कारण तंबू, पाणी आणि स्वयंपाक यात ते तीन तास जातातच.

संघ वीस-वीस मिनिटांच्या अंतराने सोडले. एकवीस मुलं एकत्र चालली की नकाशा एकाच्या हातात राहतो आणि वीस जण फक्त पुढच्याची पाठ बघत चालतात. सात जणांच्या संघात मात्र प्रत्येकाच्या वाट्याला काम येतं. मोठी माणसं कायम दोघादोघांनी: दोघं पुढे मुक्कामावर, दोघं शेवटच्या संघाच्या मागे, दिसतील पण ऐकू येणार नाहीत एवढ्या अंतरावर. स्काउटर (पथकाचा मोठा मार्गदर्शक) जवळ असला की संघनायक दर फाट्यावर त्याच्या तोंडाकडे बघतो, आणि मग तो नायक राहत नाही.

सॅकचं वजन निघायच्या सकाळी नव्हे, दोन दिवस आधी काट्यावर करा. पाण्यासकट ते मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. 40 किलोच्या मुलाला 8 किलो ही वरची मर्यादा झाली. सवय नसेल तर 6 पुरे. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या मधोमध. झोपायची पिशवी तळाशी. जीन्स सरळ बाहेर काढा. ती भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलून काढते. सामायिक सामान वाटताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: एका तंबूचे सगळे भाग एकाच संघात. इथे एका तंबूचे खांब मागच्या संघाच्या सॅकमध्ये होते. पुढचा संघ मोकळं कापड अंथरून तासभर बसून राहिला.

ओढ्यानंतरचा फाटा ही या वाटेवरची खरी अडचण. दोन्ही वाटा सुरुवातीला उत्तरेकडेच जातात आणि साधारण 300 मीटरनंतर फाकतात, म्हणून फाट्यावर नुसती दिशा बघून काही कळत नाही. दुसरा संघ डावीकडे गेला आणि चाळीस मिनिटं वाया गेली. त्यांचं होकायंत्र ठीक होतं. पण नकाशा धरणाऱ्याने त्याच हातात मोबाइल धरला होता आणि त्याच्या कव्हराला चुंबकाचं बटण होतं. कव्हर जवळ नेलं की काटा डोळ्यांदेखत सरकत होता. होकायंत्र वाचताना मोबाइल, चाकू, स्टीलची बाटली हे सगळं किमान हातभर लांब. दुसरी नेहमीची चूक म्हणजे काट्याचं लाल टोक उलट बाजूला जुळवणं; मग संघ मोठ्या आत्मविश्वासाने नेमका उलटा चालत सुटतो.

यावर उपाय पावलं मोजण्याचा. घरून निघण्यापूर्वी प्रत्येकाने मोजून आखलेल्या 100 मीटरवर, पाठीवर सॅक घेऊन, डावा पाय किती वेळा पडतो ते मोजून ठेवावं. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा येतो आणि चढावर वाढतो. फाट्यापासून 300 मीटर मोजून थांबा, होकायंत्र पुन्हा लावा. 1:25,000 च्या नकाशावर 4 सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, तेव्हा 300 मीटर म्हणजे जेमतेम 12 मिलिमीटर. अंगठ्याखाली झाकून जाण्याएवढे. शिवाय चुकलो तर पुढे काय लागेल हे आधीच ठरवून ठेवा. इथे डाव्या वाटेने गेलात तर ओढा पुन्हा आडवा येतो. ओढा दुसऱ्यांदा दिसला की तिथूनच मागे फिरायचं, पुढे जाऊन शॉर्टकट शोधायचा नाही.

पहिल्या संघाने मागच्यांसाठी मार्गचिन्हं ठेवली होती: दगडांचा बाण, आणि जिथे जायचं नाही तिथे काटक्यांची फुली. बाण वाटेच्या मधोमध होता, मागून येणाऱ्या गुरांनी तो विस्कटला. चिन्ह कायम वाटेच्या एका ठरलेल्या बाजूला ठेवा. शेवटच्या संघाने सगळी मोडत यायचं, नाहीतर पुढच्या आठवड्यात भलताच कुणीतरी फसतो. प्रवास संपला की वर्तुळात टिंब काढतात, ‘घरी गेलो’ या अर्थाचं. स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल 1941 मध्ये गेले. केनियातल्या न्येरी इथे त्यांच्या थडग्यावर हेच चिन्ह कोरलंय. मुलांना ही गोष्ट धारेवर चढताना सांगावी, पाय आपोआप चालतात.

मुक्कामाच्या जागी पोचलात की आधी वर बघा, मग खाली. वाळकी फांदी लोंबणाऱ्या झाडाखाली तंबू नको. सपाटीच्या मधली खोलगट जागा मऊ आणि मोहात पाडणारी आहे, पण रात्री थंड हवा आणि पावसात पाणी तिथेच साचतं. पाण्यापासून तंबू आणि शौचाची जागा 60 मीटर तरी लांब हवी. शौचाचा खड्डा 15 ते 20 सेंटिमीटर खोल. तंबूखालचं अंथरूण कडेने बाहेर डोकावलं की पाऊस त्यावर पडून आत सरकतो. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करू नका. श्वासाची वाफ आतल्या कापडावर धरते आणि पहाटे न पडलेल्या पावसाने सगळे भिजलेले असतात.

हात धुण्याच्या तिकाटण्यात, म्हणजे पाण्याची बादली टांगायच्या तीन काठ्यांच्या तिवईत, दोन संघ फसले, आणि दोघांची कारणं वेगळी. दीड मीटरच्या, साधारण 4 सेंटिमीटर जाडीच्या तीन काठ्या शेजारी ठेवायच्या, कडेच्या काठीला क्लोव्ह हिच (काठीभोवती दोन वेढ्यांची गाठ), मग दोर एकीच्या वरून, दुसरीच्या खालून असा सहा-सात वेळा विणायचा, काठ्यांच्या मधल्या फटींत दोन-दोन वेढे आवळायचे आणि पुन्हा क्लोव्ह हिचने संपवायचं. 6 मिलिमीटरचा 4-5 मीटर दोर लागतो. एका संघाने विणकामच करकचून आवळलं. पाय उघडेनात, जोर लावल्यावर मधली काठी तडकली. विणताना हात सैल ठेवा. पाय फाकवले की गाठ आपसूक घट्ट होते. दुसऱ्या संघाचा दोर गुळगुळीत नायलॉनचा होता. तो पाण्याच्या बादलीखाली हळूहळू घसरत गेला आणि रात्री तिकाटणं बसलं. अशा कामाला सुती किंवा काथ्यासारखा खरबरीत दोरच बरा. तिन्ही पायांना खाली आडव्या काठ्या बांधल्या तर पाय फाकत नाहीत.

पाणी माणशी पाच लिटर धरा, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून. ओढ्याचं पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळत ठेवून मगच वापरा. शेगडी तंबूत कधीही नाही, पाऊस असला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आग पेटवायची परवानगी असेल तर आगकाडीएवढ्या, पेन्सिलएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या जाड काटक्यांचे तीन वेगळे ढीग आधी लावा. बारक्या काटक्या ओंजळभर गोळा करून मुलं काडी पेटवतात आणि जाड लाकूड धरण्याआधीच आग मरते. विझवल्यावर राखेवर हाताची मागची बाजू धरा. ऊब लागली तर आणखी पाणी.

स्काउट नियमातला मदतीचा भाग इथे भाषणातून शिकवावा लागत नाही. टाचेला जळजळ होतेय असं सांगणाऱ्यासाठी अख्खा संघ थांबला की पुढच्या वेळी तो लगेच सांगतो. चेष्टा झाली की तो फोड फुटेपर्यंत गप्प बसतो. जळजळ सुरू होताच टेप लावायला दोन मिनिटं लागतात. सगळ्यात हळू चालणाऱ्याला संघनायकाच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर चालवा आणि वेग त्याचा धरा. सामान काढून दुसऱ्याला द्यायचं तर एक वस्तू द्या, पूर्ण सॅक नको. पूर्ण सॅक काढून घेतलेलं मूल उरलेला दिवस मान खाली घालून चालतं.

दुसऱ्या दिवशी आवरायला दोन तास लागले, ठरवला होता एक. दव पडलेले तंबू ओलेच गुंडाळावे लागतील हे धरून चाला, पण परतल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशीचे डाग कायमचे. खुंट्या जागा सोडण्याआधी मोजा. गवतात त्या हमखास राहतात. डोक्याकडच्या टोकाला भडक नारिंगी रंग लावून ठेवलेल्या एका संघाच्याच तेवढ्या सगळ्या सापडल्या.