कपाळावरचं कुंकू, समासातली हळद

आमच्या बिल्डिंगमध्ये आई सगळ्यांना सांगते, "माझी मुलगी कागदांची डॉक्टर आहे." त्यामुळे रविवारी कुणी ना कुणी भिजलेला सातबारा, नाहीतर सेलोटेप लावलेली आजोबांची सनद घेऊन दारात उभं असतं. सेलोटेपवाल्यांना मी आधी ओरडते, मग चहा देते.

नोकरी मुंबईतल्या एका कलासंग्रहालयात, कागदाच्या लॅबमध्ये. चित्रं, नकाशे, पत्रं, जे काही कागदावर आहे ते सगळं आमच्याकडे. पहिली दोन वर्षं मी ब्लॉटर, म्हणजे टिपकागद कापले, खळ शिजवली आणि मॅडमच्या खांद्यावरून बघत राहिले. मग एका जूनमध्ये त्यांनी माझ्या टेबलावर एक लक्ष्मी आणून ठेवली. म्हणाल्या, "ही तुझी."

चित्र एका आजींनी दिलेलं. त्यांची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आणि नव्या घरातल्या देवघराच्या कप्प्यात ही मावेना. कमळावर उभी, शेजारी हत्ती, तीच रविवर्म्याची लक्ष्मी. अर्थात त्यांच्या हातची नव्हे, छापलेली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आमच्या प्रतीच्या खालच्या समासात इंग्रजीत 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं बारीक छापलंय, म्हणजे ती मळवलीची. या प्रकाराला ओलिओग्राफ म्हणतात. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, एकावर एक छाप, शेवटी कापडासारखी वीण उठवायची आणि वरून व्हार्निश. भिंतीवर लांबून तैलचित्र वाटलं की झालं. मायक्रोस्कोपखाली मात्र देवीचा गाल म्हणजे निव्वळ ठिपक्यांची रांगोळी असते.

आली तेव्हा अवस्था वाईट होती. काच तडकलेली, चौकटीमागे देवदारी फळ्या, आणि चित्र जाड पुठ्ठ्यावर मैद्याच्या खळीनं चिकटवलेलं. खळ आहे हे कळल्यावर मला बरंच वाटलं, कारण पांढरा डिंक असता तर तो असा सुखासुखी सुटला नसता. पण जिथे खळ तिथे कसर. कडांना कागद चाळणीसारखा झाला होता. दोन फळ्यांमध्ये जिथे फट होती, तिथे पुठ्ठ्यावर उभी तपकिरी रेघ उमटली होती. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लानं जळत जातो, त्यात असे शेजारी मिळाले की काम आणखी लवकर होतं. जुन्नरच्या जुन्या हातकागदावरची मोडी पत्रं याहून कितीतरी आधीची असून हातात धरली की अजून खुळखुळ वाजतात. छापखान्यांच्या काळातला कागदच आम्हाला जास्त रडवतो.

आधी तीन आठवडे चित्र पॉलिथिनमध्ये बंद, सोबत चिकट सापळा. दोन कसरी सापडल्या, दोन्ही मेलेल्या. मग फोटो: समोरून उजेड टाकून, कडेनं तिरपा टाकून, अतिनील दिव्याखाली. त्या दिव्यात जुनं व्हार्निश हिरवट चमकलं आणि कपाळाच्या मधोमध एक काळा खड्डा दिसला. ते कुंकू. दिवसाच्या उजेडात बघितलं तर तेल, धूप आणि कुंकू यांचं मिळून चांगलं डाळीएवढं खपलीसारखं पुट होतं. पावलांवरही तसंच.

ही ज्या प्रदर्शनात लागणार होती ते छपाईच्या इतिहासावरचं होतं. ते मांडणाऱ्या क्युरेटरना चेहरा छापून आला तसा हवा होता. मॅडमनी नेहमीसारखं अंग काढून घेतलं. "ठरव तू. पण कारण लिहून दे."

मी आजींना फोन लावला. मनात होतं, त्या म्हणतील, "अगं, देवीचं कुंकू कसं पुसणार?" आणि माझं काम सोपं होईल. त्या म्हणाल्या, "पुसा की! आम्ही दर दिवाळीत पुसायचो."

"कशानं, आजी?"

"ओल्या फडक्यानं. नाहीच निघालं तर थोडं रॉकेल."

फोन ठेवला आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. आता कळलं, पुटाच्या कडेनं व्हार्निश एवढं झिजलेलं का आहे आणि ठिपके मध्येच का संपतात. कपाळावर छपाई उरलेलीच नव्हती. कुंकू काढलं असतं तर खाली उघडा कागद दिसला असता, आणि तो झाकायला मलाच जलरंगानं कपाळ रंगवावं लागलं असतं. म्हणजे क्युरेटरना हवा होता तो चेहरा रविवर्मा प्रेसचा नसता, माझा असता. हे मी कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे चित्राच्या अवस्थेच्या नोंदीत, जरा सभ्य भाषेत लिहिलं. ते मान्य झालं.

चौकटीच्या खालच्या खोबणीत कुंकवाचे कण पडले होते, त्यांच्यावर एक खेळ करून बघितला. व्हिनेगरचा थेंब टाकला. काही कण पिवळे झाले, काही लालच राहिले. हळदीला चुना देऊन केलेलं कुंकू आम्ल लागलं की परत हळदीवर येतं, बाजारी रंगाचं येत नाही. एकाच घरात दोन्ही प्रकारची कुंकवं लागली होती. त्या कणांची छोटी कुपी लेबल लावून फाइलसोबत ठेवलीय.

बाकी काजळी मात्र काढायची होती. आधी सुक्या रबरी स्पंजनं, मग कापसाच्या बोळ्यानं. व्हार्निशवरच्या तेलकट मळाला आमच्या धंद्यात एक जुनं औषध आहे, थुंकी. खरंच. तिच्यातली विकरं मळ सोडवतात, आणि जगभरच्या लॅबमध्ये मोठमोठे लोक बोळे जिभेवर फिरवत बसलेले असतात. मी बोळा तोंडापर्यंत नेला आणि हात थांबला. लक्ष्मीला उष्टं? मी देवभोळी नाही, श्रावण पाळत नाही, पण नाहीच जमलं. ट्रायअमोनियम सिट्रेटचं पातळ द्रावण करून घेतलं, नंतर पाण्याचा बोळा. मॅडम हसल्या, पण त्यांनीही आपली थुंकी देऊ केली नाही. एका बोळ्यात नखाएवढी जागा साफ होते. साडीचा लाल रंग वर यायला अकरा दिवस लागले.

पुठ्ठा काढायला त्याहून जास्त. चित्र पालथं घालून मागून स्पॅच्युलानं पुठ्ठ्याचे थर सोलत जायचं, कांद्यासारखे. शेवटचा थर सुका निघत नाही. त्याला मिथाइल सेल्युलोजचा, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या जेलीचा घट्ट लेप तळहाताएवढ्या जागेत दहा मिनिटं, खळ फुगली की खरवडायची, पुढची जागा. जास्त वेळ ओल राहिली तर समोरचं व्हार्निश पांढरं पडतं, म्हणून टायमर लावून बसायचं. बाहेर जुलैचा पाऊस, आत डीह्युमिडिफायर घरघरतोय. हवेतली आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवर ठेवायची म्हणून संध्याकाळी त्याची टाकी रिकामी करायचं कामही माझंच. त्या महिन्यात मी कुणाशी धड बोलले नाही असं घरचे म्हणतात.

आणि मग मी चूक केली.

खालच्या समासात, नेमकी छापखान्याच्या नावावर, हळदीच्या पाण्याची एक ओघळ होती. तिथे व्हार्निश नसल्यानं कागद ती प्यायला होता. माझं लक्ष आम्लावर. पाठीमागून कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे चुन्याच्या निवळीचं पाणी द्यायचं, आम्ल मरेल, कागदाचं आयुष्य वाढेल, पुस्तकातली पद्धत. चाचणी म्हणून डागाच्या कोपऱ्यात ब्रशच्या टोकानं एक थेंब लावला. मोहरीएवढा ठिपका डोळ्यांदेखत लालभडक झाला.

दोन सेकंद मला काही कळेना. मग आठवलं. लहानपणी माझ्या फ्रॉकवर वरणाचा डाग पडला की आई साबण लावायची आणि डाग लाल व्हायचा, मी रडायचे. हळद क्षारात लाल होते. काही आठवड्यांपूर्वीच मी कुंकवावर व्हिनेगर टाकून हेच उलटं बघितलं होतं, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई! कुंकवाची गोष्ट डोक्यात एका कप्प्यात, समासाची दुसऱ्या. तो ठिपका पुढे फिकट तपकिरी झाला, पण गेला नाही. रिपोर्टमध्ये तो फोटोसकट आहे, माझ्या नावावर.

चुन्याचं पाणी रद्द. ओघळ आहे तशी ठेवली. आम्लासाठी मागे कॅल्शियम कार्बोनेट असलेला आम्लरहित माउंट बोर्ड दिला, तो जेवढं हळूहळू शोषेल तेवढं.

फाटलेल्या कडांना जपानी कोझो कागदाच्या पट्ट्या लावल्या. पट्टी कात्रीनं कापायची नाही. पाण्याची रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि जोड उठून दिसत नाही. चिकटवायला गव्हाच्या पिठातलं प्रथिन काढून टाकलेली नुसती खळ. परदेशातून डबा येतो त्याचा, पण वस्तू तीच, कुरडयांचा चीक. तसाच ढवळत शिजवायचा, पारदर्शक झाला की उतरवायचा, गार करून चाळणीतून तीनदा दाबून काढायचा. गुठळी राहिली की आमच्याकडेही तोच चेहरा होतो जो आईचा होतो. गरज पडली तर पाण्यानं हे जोड पुन्हा सुटतात, म्हणूनच हीच खळ.

ऑक्टोबरात लक्ष्मी भिंतीवर गेली. उजेड फक्त ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), तीन महिन्यांनी पुन्हा अंधाऱ्या कपाटात. लोकांना दालन अंधारलेलं वाटतं, तक्रार वहीत रोज एक तरी ओळ असते.

आजी नातसुनेचा हात धरून आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "हिची साडी एवढी लाल होती होय?" मग चष्मा पुसून खाली वाकल्या आणि समासावर बोट रोखलं. "एवढं सगळं केलंत, मग ही हळद कशी राहिली?"

मी चुना, क्षार, लाल ठिपका, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"अगं, मग उन्हात टाकायचं. हळद उन्हानं उडते."

शास्त्रानं त्यांचं शंभर टक्के खरं होतं. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. पण चार महिने ज्या कागदाला मी खिडकीच्या तिरिपेपासूनही लपवलं, तो गच्चीत वाळत घालायचा म्हणजे... मी म्हटलं, "आजी, सोबत साडीचा रंगही उडेल ना."

"हं," त्या म्हणाल्या. "तेही आहे." आणि नातसुनेला म्हणाल्या, "चल, पाय दुखायला लागले."