फवारूनही न हलणारी अळी

डिसेंबरात तूर शेंगांवर आली की कृषी सहायकाचा फोन काही थांबत नाही. त्या सकाळी अक्कलकोट तालुक्यातल्या एका मामांनी चढ्या आवाजातच सुरुवात केली. "साहेब, दोनदा औषध मारलं तरी अळी हाय तिथंच हाय. दुकानदारानं पाणीच दिलंय का बघा."

शेतात गेलो. शेंगांवर बारीक, तपकिरी, काटेरी केसांचं काहीतरी चिकटलेलं. काडीनं डिवचलं तर पुढं सरकेना, जागच्या जागीच वळवळलं. अळी नव्हती ती, कोष होता! पिसारी पतंग इथंच भल्याभल्यांना चकवतो. याचा कोष अळीसारखाच केसाळ असतो आणि बऱ्याचदा उघड्यावर, शेंगेलाच चिकटून असतो. मामांना म्हटलं, "हे काही खातच नाही, मग औषध पोटात जाणार कसं?" मामा गप्प. मग म्हणाले, "आन् दुकानदाराला फोनवर शिव्या घातल्या त्येचं काय?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

खरा पतंग त्यांनी रोज बघितला होता, डास समजून. झाड हलवलं की दोन-चार उडायचे. एक पानावर बसला तेव्हा मी भिंग त्यांच्या हातात दिलं. जेमतेम सेंटीमीटरभर अंग, मातकट रंग, लांब काटकुळे पाय. बसला की अरुंद पंख अंगाशी काटकोनात पसरलेले. पुढचा पंख दोन फाट्यांत चिरलेला, मागचा तीन, आणि प्रत्येक फाट्याला पिसासारखी झालर. मामा बराच वेळ भिंग सोडेनात. शेतकऱ्याचं लाखाचं नुकसान करणारा किडा इतका देखणा असावा, याचा मला दरवेळी राग येतो.

हा काही सोलापूरचा पाहुणा नव्हे. देशात तूर जिथं जिथं पिकते तिथं हा भेटतो, वालावर आणि कुळथावरही. हिरवट-तपकिरी अळी आधी शेंगेचं साल खरवडते, मग भोक पाडून, अंग बाहेरच ठेवून दाणा खाते. म्हणूनच फवारणी फुलोऱ्यात आणि कोवळ्या शेंगांत, अळी लहान असतानाच करायची असते. कोषांवर तिसरा पंप ओतणं म्हणजे निव्वळ डिझेल आणि मजुरी.

बांधाकडच्या चार ओळी उशिरा फुलल्या होत्या, तिथं मात्र बारक्या अळ्या दिसल्या. तेवढ्याच ओळी फवारायच्या ठरल्या.