‘हर्मीस’वर वीस मिनिटं

आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा श्रीलंकेचा पूर्व किनारा शांत असतो, म्हणून आम्ही ठाण्याहून निघालो ते मे अखेरीस. मुंबई–कोलंबो विमान, पुढे बट्टिकलोआपर्यंत रस्त्याने साधारण 300 किलोमीटर. तिथून बोटीने तासाभराच्या आत ‘एचएमएस हर्मीस’, म्हणजे समुद्रतळाशी पडलेलं ब्रिटिश जहाज, ते बघायला आम्ही सिलिंडर लावून डुबकी मारणार होतो. विमानवाहू म्हणूनच आराखडा केलेली ही जगातली पहिली युद्धनौका. 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी ती बुडवली तेव्हा तिच्यावर स्वतःचं एकही विमान नव्हतं. 307 माणसं गेली.

तळ 53 मीटरवर, म्हणजे दाब 6.3 बार (पृष्ठभागावर साधारण 1 बार असतो). साध्या हवेवरही लोक इथे उतरतात. आमच्या मते उतरू नये. खोलवर नायट्रोजनची नशा चढते हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे हवेची घनता लिटरला आठ ग्रॅमच्या आसपास जाते, हे फारसं कुणी बोलत नाही. दम लागला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि मग घाबरगुंडी. 21/35 ट्रायमिक्स या मिश्रणावर (21 टक्के ऑक्सिजन, 35 टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन) तीच घनता सहाच्या आत राहते. हेलियम मिळणार का, हे तिकीट काढण्याआधी विचारा.

हिशोब असा: पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर श्वास, तळाशी 6.3 पट दाबामुळे 126 लिटर. वीस मिनिटांना अडीच हजार. बारा लिटरच्या जोड सिलिंडरात 200 बारला 4800. त्यातला तिसरा हिस्सा जोडीदाराचा, त्याला हात लावायचा नाही.

गळती झाल्यास पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा सराव ठाण्याच्या तरणतलावात, पण पूर्ण सूट घालून करा. टी-शर्टात हात सहज मागे पोचतो, सूटमध्ये खांदा अडतो.

उतरताना दोर सोडू नका. वरचा प्रवाह जोराचा असला, तर दोन मिनिटांत जहाज चुकतं आणि महागडा गॅस निळ्या पाण्यात संपतो. जहाज डाव्या कुशीवर कललेलं, साडेपाच इंची तोफांवर प्रवाळाचा थर. आत शिरू नका. ते थडगं आहे, शिवाय गाळ आणि अडकलेली जाळी आहेतच.

खरी चूक होते ती वर येताना. वर येताना वापरायचा, 50 टक्के ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर 21 मीटर किंवा त्याहून वरच चालतो. तळाशी तोच तोंडात घेतला तर ऑक्सिजनचा दाब 3 बारच्या वर जातो, झटके येतात, रेग्युलेटर (श्वास घ्यायचं तोंडातलं उपकरण) सुटतो. म्हणून सिलिंडरवर पंजाएवढ्या आकड्यात ‘21’. खोली बघायची, आकडा वाचायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, मग नळी सिलिंडरापासून तोंडापर्यंत बोटांनी चाचपत आणायची. जोडीदाराने मान हलवल्यावरच पहिला श्वास. त्यानंतर शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून अर्धा तास किंवा जास्त, टप्प्याटप्प्याने लटकणं. कंटाळवाणं असतं.

उंचीवर दाब कमी, अंगात उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून परतीचं विमान निदान 24 तासांनी. त्या दिवशी कॅंडीचा घाटही नको. पोलोन्नरुवा–हबरणा–कुरुनेगला हा सखल रस्ता धरा.