सड्यावरचा ‘तो’ ब्लू लेसरच!

मंडळी, छडा लागला! देवाचे गोठणेच्या सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या पठारावरचा, तो इवलासा ग्रास ब्लू (गवतातलं निळसर फुलपाखरू) लेसरच आहे, झिझिना ओटिस. या वेळी नुसते फोटो नाहीत, अंड्यापासून वाढवून खात्री केली आहे.

ग्रास ब्लूच्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या चार जाती: पेल, डार्क, लेसर आणि टायनी. मी मागे टाकलेल्या फोटोंवर काहींनी पेल म्हटलं, काहींनी लेसर. दोन्ही बाजूंना कारण होतं. टायनी ओळखायला सोपा. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, वरच्या कडेलगत, त्याला जादा काळे ठिपके असतात. पेल आणि डार्कच्या पुढच्या पंखाच्या सेलमध्ये (शिरांनी वेढलेल्या मधल्या भागात) एक ठिपका असतो, लेसरच्या सेलमध्ये नसतो. गोची अशी की, बसलेला ब्लू पुढचा पंख मागच्या पंखाआड ओढून घेतो आणि नेमका सेल झाकला जातो. मग भिस्त मागच्या पंखावर. तिथल्या ठिपक्यांच्या कमानीतला वरून दुसरा ठिपका लेसरमध्ये आत, अंगाच्या बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे कमान तिथे मोडते. पेल आणि डार्कमध्ये ती सलग दिसते. पण पंख झिजलेले असले किंवा ठिपके फिके पडले असले, की ‘सरकलाय की नाही’ यावर तासभर वाद घालता येतो. आपण घातलाही!

सुटका केली ती एका मादीने. जमिनीलगत उडत ती पुन्हापुन्हा एकाच झाडोऱ्यावर उतरत होती, पोट वाकवून टेकवत होती. तो झाडोरा म्हणजे अ‍ॅलिसिकार्पस: जमिनीवर पसरणारा, एकेकच गोलसर पान, जांभळट फुलं, सांध्यासांध्यांची शेंग. दहापट भिंगाखाली कोवळ्या पानावर अंडं सापडलं. फिकट हिरवट, चपटं, मधोमध खळगा आणि वर बारीक जाळी. इतकं देखणं अंडं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

फांदीसकट घरी आणलं. डबा साधा प्लॅस्टिकचा, तोंडाला मलमल. अळीने आधी पानाचा हिरवा थर खरवडून खाल्ला, खालचा पापुद्रा तसाच ठेवला. पान उजेडात धरलं की त्या जागा काचेसारख्या दिसत. फुलपाखरू कोशातून बाहेर पडून काडीवर चढलं, तेव्हा पुढचा पंख क्षणभर मोकळा झाला. सेल कोरा! कमानही दुसऱ्या ठिपक्याशी मोडलेली. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच सड्यावर सोडून आलो.

त्या क्षणाचा फोटो एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली, जवळून टिपायची नळी) आणि प्रकाश मऊ करणाऱ्या बटर पेपरच्या डिफ्यूझरवर मिळाला. ऑनलाइन मागवलेली मोबाइलची क्लिप लेन्स मी बंद केली आहे. मध्यभाग बरा येतो, पण कडा धुरकट, आणि ठिपके नेमके कडेलाच असतात. नव्यांनी पैसे आधी चांगल्या भिंगात घालावेत.

आता अधिवासाबद्दल. आपण नोंदीत ‘गवताळ सडा’ लिहितो, ते फार ढोबळ आहे. गेंद आणि सीतेची आसवं फुलतात त्या ओल्या कातळावर हा ब्लू मला टेकलेला दिसला नाही, गुडघाभर गवतातही नाही. तो असतो मधल्या पट्ट्यात: बोटभर माती, गुरांनी चरून आखूड ठेवलेलं गवत आणि त्यात अ‍ॅलिसिकार्पस. हा पट्टा काही ठिकाणी पायवाटेएवढाच रुंद आहे. चिरेखाण निघाली किंवा कलमांसाठी भराव पडला की तो संपतो, आणि सड्याला ‘पडीक’ म्हणणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. मला याची खरोखर काळजी वाटते.

पुढच्या खेपेला आंबोलीला स्किपर (फुलपाखरांचा आणखी एक गट) बघायला जायचं ठरवलं होतं. ते आता मागे. गवत कापणीआधी या पट्ट्याचा नकाशा करायचा आहे, कातळापासून उंच गवतापर्यंत सरळ रेषेत, दर काही पावलांवर झाडोरा आणि ब्लू दोन्ही नोंदवत.

हे लिहिताना अजून एक सुचलं. सड्यावर एका मोठ्या अळीभोवती मुंग्या होत्या, शेपटीकडच्या भागावर मिशा फिरवत होत्या. तिथेच सातव्या उदरखंडावर मधाची, म्हणजे मुंग्यांना हवा तो गोड रस देणारी ग्रंथी असते. म्हणजे नकाशात मुंग्यांची वारुळंही घ्यायला हवीत. मग सरळ रेषेऐवजी चौकोन आखलेले बरे, एक मीटरचे. सुतळी आणि खुंट्या आहेतच.

तुमच्याकडे आंबुटीवर (आंबट पानांचं छोटं रोपटं) पेल अंडी घालताना दिसला, तर मागच्या पंखाचा फोटो आणि आजूबाजूच्या गवताची उंची, दोन्ही टाका.